‘चालत नाही’ म्हणजे काय?

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

पणजीत पाटोवरच्या ऑफिसात तुला महिना झाला नाही तोच तक्रार आली, सपोर्टवाले दाद देत नाहीत. तू त्यांना पाठवलेलं मी दोनदा वाचलं. आधी ‘हाय’. वीस मिनिटांनी ‘सर सिस्टिम चालत नाही अर्जंट आहे’. खाली मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो. त्यात छतावरचा पंखा स्वच्छ दिसतो, तुझा अंगठाही दिसतो, एरर मात्र अर्धीच. तीस वर्षं मी हीच नोकरी केली. खरं सांगतो, मीही दाद दिली नसती.

नुसतं ‘हाय’ टाकून वाट बघत बसू नये. त्या माणसापुढे अशी दहा ‘हाय’ पडलेली असतात. नमस्कार नि काम एकाच मेसेजात लिही. काय करायला गेलीस, काय झालं, कालपर्यंत चालत होतं का, शेजारच्या मशीनवर चालतं का. हे शेवटचं कुणी म्हणजे कुणी सांगत नाही. शेजारी चालत असेल तर बहुधा तुझ्याच मशीनमध्ये काहीतरी आहे, नसेल तर नेटवर्क किंवा सर्व्हर बघायचा. अर्धा शोध तिथेच संपतो.

आणि एररचे शब्द, आकडे जसेच्या तसे उतरव. ‘साइट बंद आहे’ असं कळवतेस आणि फोटोत कोपऱ्यात ४०४ दिसतं! ४०४ म्हणजे सर्व्हर जागा आहे, उत्तर देतोय, फक्त तू मागितलेलं पान त्याला सापडत नाही. आधी पत्ता नीट टाइप केलास का ते बघ. ५०३ आला तर सर्व्हरलाच सध्या झेपत नाहीये, तिथे तू कितीही टाइप केलंस तरी उपयोग नाही.

मराठी फाइलींचं वेगळंच. १९८७च्या राजभाषा कायद्याने आपल्याकडे गोव्यात कोकणीबरोबर मराठीलाही सरकारी कामात जागा ठेवली, तेव्हा मराठी पत्रं तुझ्या टेबलावर येत राहणार. जुन्या फॉन्टातलं पत्र उघडलं की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, कारण त्यात ‘क’चं नुसतं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५. ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून कुणाला पळवण्याआधी फॉन्ट कुठला ते विचार. आणि हो, ‘आणी’ लिहू नकोस. मराठीत शेवटचा इकार सहसा दीर्घ असतो, पण ‘आणि’ नि ‘नि’ ऱ्हस्वच. माझं खूळ म्हण हवं तर, पण ‘आणी’ दिसलं की पुढचं वाचायची इच्छाच जाते.

आता माझ्या बाजूचं. एकदा ऐन पावसात चोडणहून फोन आला, ‘प्रिंटर बंद’. मी बॅग उचलली, रायबंदरच्या धक्क्यावर फेरीसाठी ताटकळलो, चिंब भिजून पोचलो. रात्री लाईट गेली होती आणि कुणीतरी यूपीएसचं बटण बंद केलं होतं. मी ते दाबलं, प्रिंटर घरघरला. तिथल्या बाईंनी मुकाट्याने चहा पुढे केला. त्यांच्यावर मी दिवसभर धुमसत होतो. परतीच्या फेरीत लक्षात आलं, फोनवर ‘दिवा पेटलाय का?’ एवढं विचारायला माझी जीभ झिजली नसती.

चवथीला येताना तो बिघडलेला लॅपटॉप आण. पण काय होतं ते आधी लिहून पाठव, निदान चार्जर लावल्यावर दिवा कुठल्या रंगाचा लागतो एवढं तरी.

तुझा,
काका