एलईडी बल्ब टाकल्यापासून समोरचे डिपर मारतात, तरी मला रस्ता दिसत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की बाइक २०१६ ची, १५० सीसी. महिन्यापूर्वी दुकानात एलईडी बल्ब बसवून घेतला, तेव्हापासून समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारतो आणि खड्डा मात्र चाकाखाली आल्यावरच कळतो. दुकानदार म्हणतो, लाइट जास्त आहे म्हणून लोक चिडतात. त्याचं ऐकू नका. समोरच्याचे डोळे दिपणं आणि तुम्हाला लांबचं न दिसणं हा एकच बिघाड आहे. जो प्रकाश रस्त्यावर पडायला हवा होता, तोच वर लोकांच्या तोंडावर जातोय.

हे मी स्वतः करून बसलोय. कामाला गोरेगावला, राहायला भांडुपला, रात्री दहाच्या सुमारास आरेतून पवईकडे निघतो. तिथे दुभाजक नाही, दिवे विरळ, दोन्ही बाजूंना झाडी. एलईडी टाकल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, भर पावसात, समोरून एक स्कूटर आली. पुढे सात-आठ वर्षांचा मुलगा उभा. माझा लाइट अंगावर आला तसे त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि स्कूटर डांबर सोडून चिखलात उतरली. पडले नाहीत, पाय टेकून सावरले. मी थांबलो. ते गृहस्थ एवढंच म्हणाले, ‘दादा, लाइट खाली करा हो, काही दिसत नाही.’ मी डिपरवरच, म्हणजे खालच्या लाइटवरच होतो. त्या रात्री घरी येऊन पार्किंगमध्येच हेडलाइट उघडला.

तुम्हीही आधी तेच करा. जुना हॅलोजन बल्ब असेल तर शेजारी धरून बघा (काचेला बोट लावू नका). आत दोन फिलामेंट दिसतील. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा (हेडलाइटमधला चकचकीत आरसा) फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि प्रकाश खाली रस्त्यावर पडतो. लाइट भिंतीवर पाडला की प्रकाशाची वरची कड सरळ कापल्यासारखी रेघ दिसते, ती या वाटीमुळे. एलईडी बल्बमध्ये फिलामेंटच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिप (प्रकाश देणारे बारीक ठिपके) असतात. त्या डाव्या-उजव्या बाजूला, म्हणजे घड्याळात नऊ आणि तीन वाजतात तिथे यायला हव्यात, आणि त्याच्याही वाटीचा बंद भाग खाली. माझ्या बल्बच्या चिप वर-खाली बसवल्या होत्या. बहुतेक एलईडी बल्बची कॉलर (बल्ब बसवायची कडी) सुटी असते, बारीक एलन स्क्रू ढिला केला की बल्ब फिरवता येतो. पाच मिनिटांचं काम, पण ते दुकानात कोणी केलं नव्हतं.

दिशा बरोबर असूनही रेघ पसरट दिसली, तर बल्बच बदला. पट्टी पातळ हवी आणि चिप नेमक्या फिलामेंटच्या जागी हव्यात. जाड पट्टीचा बल्ब कितीही फिरवा, रिफ्लेक्टरला तो कळत नाही. खोक्यावरच्या ल्युमेनच्या (प्रकाश मोजायचं माप) आकड्यांकडे तर बघूच नका. १५० सीसीच्या गाड्यांत बऱ्याचदा ३५/३५ वॅटचा एचएस १ बल्ब असतो (दुकानात सगळ्यालाच एच ४ म्हणतात). त्याचा ठरलेला प्रकाश अपरला (लांबचा लाइट) ८२५ आणि डिपरला ५२५ ल्युमेन. मोठ्या एच ४ चा १६५० आणि १०००. एवढ्यावर लोक वर्षानुवर्षं रात्रीच्या गाड्या चालवत आलेत, कारण तो प्रकाश जागेवर पडायचा. रंगही निळसर पांढरा घेऊ नका. आपल्या पावसात, ओल्या डांबरावर ४३०० ते ५००० केल्विनचा (खोक्यावर लिहिलेलं रंगाचं माप) जरा पिवळट प्रकाश डोळ्याला फार बरा पडतो.

वायरिंगचं एक तपासा. तुमची गाडी २०१७ च्या आधीची आहे, म्हणजे हेडलाइट कायम चालू राहण्याची सक्ती येण्याआधीची. चावी फिरवून, इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. लागला नाही, आणि इंजिन चालू केल्यावर रेससोबत कमी-जास्त होत असेल, तर तुमचा लाइट बॅटरीवर नाही, इंजिनमधल्या वीज बनवणाऱ्या कॉइलच्या थेट एसी करंटवर आहे. त्यावर एलईडी फडफडतो आणि लवकर जातो. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तो डीसी, म्हणजे बॅटरीवर करून घ्या, फ्यूजसकट. आणि बल्बचा पंखा मावत नाही म्हणून मागचं रबर बूट (बल्बमागची रबरी टोपी) कोणी कापलं असेल, तर नवीन घाला. तिथून पाणी शिरतं. हॅलोजनच्या उष्णतेने पुढच्या काचेवरची वाफ सुकायची, एलईडीची उष्णता मागे जाते, त्यामुळे आतली ओल तशीच राहते आणि रिफ्लेक्टरची चकाकी मरते.

आता खरं काम, लाइटची उंची लावून घ्यायचं. सपाट जमीन आणि उभी भिंत हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फरशीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, तेव्हा उताराला आडवी गाडी लावा. टायरमध्ये हवा बरोबर भरून घ्या. गाडी मेन स्टँडवर नको, दोन्ही चाकांवर हवी आणि तुम्ही वर बसलेले हवेत. खुणा करायला दुसऱ्या कोणालातरी घ्या. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंत उंची मोजा. माझ्या गाडीची ८८ सेंटिमीटर आहे. भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर हेडलाइट आणा. भिंतीवर ८८ ला पेन्सिलची एक रेघ, आणि तिच्याखाली साडेसात सेंटिमीटरवर दुसरी. डिपर लावा. प्रकाशाची वरची कड खालच्या रेघेवर यायला हवी. म्हणजे दीड टक्का उतार, आणि ८८ सेंटिमीटरवरून निघालेली ती कड साधारण ५९ मीटरवर जमिनीला टेकते. शहरातल्या वेगाला हे पुरतं. हेडलाइटच्या बाजूचे दोन बोल्ट किंवा खालचा ॲडजस्टिंग स्क्रू फिरवून कड जागेवर आणा. अपर वेगळा लावायची गरज नाही, एकाच रिफ्लेक्टरमध्ये दोन्ही सोबतच हलतात.

पूर्ण एलईडी हेडलाइट, गोल डोमसकट घेणार असाल तर भिंतीवर आणखी एक बघा: कडेचा वर चढणारा भाग डावीकडे हवा, फुटपाथच्या बाजूला. उजवीकडे चढत असेल तर तो उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेला आहे आणि नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाणार.

मागे रोज कोणी बसत असेल, तर त्यांना बसवूनच लाइटची उंची लावा. याकडे सगळे दुर्लक्ष करतात, म्हणून हिशेब देतो. दोन चाकांमधलं अंतर साधारण १३० सेंटिमीटर. मागचा माणूस बसल्यावर मागची बाजू पुढच्यापेक्षा ३ सेंटिमीटर जास्त दबली, तर ५ मीटरवरच्या भिंतीवर प्रकाश साडेअकरा सेंटिमीटर वर जातो. आपण तर खाली साडेसातच घेतला होता. म्हणजे एकट्याने नीट लावलेला डिपर जोडीने निघाल्यावर थेट समोरच्याच्या तोंडावर.

शेवटी दुसऱ्याला गाडीवर बसवा आणि तुम्ही हेडलाइटपासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या (म्हणजे चालवणाऱ्याच्या) उजव्या बाजूला अर्धा मीटर सरकून उभे राहा. गुडघे वाकवून डोळे दीड मीटर उंचीवर आणा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०६ नुसार या जागेवर डोळे दिपता कामा नयेत. तिथून दिवा नुसता दिसला आणि डोळे मिटावेसे वाटले नाहीत, तर काम झालं.

इतकं करूनही कड सापडली नाही तर मनात काही न ठेवता हॅलोजनवर परत जा. मात्र लाइट बॅटरीवर असेल तर त्याला रिले (बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) आणि जाड वायर द्या. आपल्या खाऱ्या हवेत कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) पिना हिरव्या पडतात आणि व्होल्टेज मध्येच गळतं; दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की हॅलोजनचा तीसेक टक्के प्रकाश जातो. अनेकांना एलईडी नको असतो, फक्त मूळचा प्रकाश परत हवा असतो. जास्त वॅटचा बल्ब मात्र टाकू नका, होल्डर वितळतो.

आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ती पेन्सिलची रेघ परत बघा. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी बाजूचे बोल्ट सैल होतात; माझा लाइट गेल्या ऑगस्टमध्ये चार बोटं वर सरकला होता.