आधी ऐक, मग आठव

प्रिय दोस्ता,

द क्युअर या ब्रिटिश रॉक बँडच्या 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'ला तू पहिल्याच रात्री 'संथ, दमलेला अल्बम' म्हणून मोकळा झालास. आता पंधरा दिवसांनी तोच अल्बम तुला सुटत नाहीये, आणि यातलं आपलं खरं मत कोणतं, असं मला विचारतोस. अरे, पहिल्या रात्री तू तो ऐकलाच कुठे होतास? त्यांचाच १९८९चा 'डिसइंटिग्रेशन' मनात लावून बसला होतास आणि नवा कुठे कमी पडतो ते मोजत होतास. आधी ऐक, मग आठव.

२००८ नंतर थेट २०२४मध्ये आलेला अल्बम. पहिल्याच गाण्यात, 'अलोन'मध्ये, त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडतो तो तीन मिनिटं उलटून गेल्यावर. ती तीन मिनिटं तुला रटाळ वाटली. पासष्टीचा माणूस गायला लागण्याआधी इतका का थांबतो, एवढं तरी मनात यायला हवं होतं की नाही?

रागावतोय खरा, पण मी तरी कुठला शहाणा! रेडिओहेड या बँडचा 'ओके कम्प्युटर' अल्बम मला तोंडपाठ. २००० साली त्यांचा पुढचा, 'किड ए', आला. पहिल्या गाण्यात गिटारच नाही, कीबोर्ड आणि तुकडे केलेला आवाज. चौथ्या गाण्यापर्यंतही मी पोचलो नाही. बँड संपला, असं मित्रांना ठणकावून सांगितलं आणि सीडी देऊन टाकली. सातेक वर्षांनी एकाच्या घरी काहीतरी सुंदर लागलं होतं. हे कुणाचं रे, मी विचारलं. त्यावर खोलीत जी शांतता पसरली ती अजून टोचते. (तेव्हा मी लहान होतो, हेही लक्षात घे. बरं, फार लहान नव्हतो.)

आठवणीचं काही खरं नसतं. 'किड ए' पूर्वीसारखा नाही म्हणून आम्ही चिडलो. २०२१मध्ये 'आबा' (ABBA) या स्वीडिश पॉप बँडचा 'व्हॉयेज' चाळीस वर्षांनी आला, तेव्हा तो पूर्वीसारखाच आहे म्हणून काहींनी नाकं मुरडली. कलाकारानं करायचं तरी काय?

म्हणजे प्रत्येक नव्या अल्बमला मान डोलवायची? मुळीच नाही. मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या 'सेंट अँगर'मधला स्नेअर ड्रम २००३मध्ये मला पत्र्याच्या डब्यासारखा वाटला, आजही वाटतो. ड्रमच्या खालच्या तारा सोडवून वाजवल्यावर दुसरं काय होणार! पण हे मी पूर्ण ७५ मिनिटं, अनेकदा सोसून म्हणतोय. लोक हेकट म्हणतात. म्हणू देत. आधी ऐकलंय, मग नावं ठेवलीत.

तर ते पहिलं मत पुसू नकोस. त्याखाली तारीख टाक आणि आजचं लिही. आणि एक कळव: त्या रात्री 'अलोन' चालू असताना तुझ्या हातात फोन होता का?

तुझा,
एक जुना श्रोता