नशेवरचं पुस्तक वाचून पोरगं घाबरलं, आता काय करायचं?

माझ्याकडे येणाऱ्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की मॅडम, तंबाखू-दारू-ड्रग्सची माहिती देणारी मुलांची पुस्तकं असतात ती घरात आणावीत का, उगाच डोक्यात नसतं काही भरायचं आणि पोरगं त्याच वाटेला लागायचं. खाण्यापिण्याच्या पुस्तकांबद्दल मात्र उलटी तक्रार असते, की आणून दिलं तरी फरक शून्य, कुरकुरे चालूच. एका केसमधून दोन्हीचं उत्तर नीट सांगता येईल म्हणून लिहितेय. आईला विचारलंय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

इंदिरानगरकडचं कुटुंब, मुलगा चौथीत, घरात आजी-आजोबा पण आहेत. वाढदिवसाला कोणीतरी एक जाडजूड रंगीत पुस्तक दिलं, अर्धं नशेबद्दल आणि अर्धं खाण्याबद्दल. पोरगं वाचणारं, त्यामुळे एकट्याने बसून दोन दिवसांत संपवलं, आईला कौतुक वाटलं. मग हळूहळू एकेक सुरू झालं. डब्यात चिवडा दिला तर तसाच परत यायला लागला. ताप आला तेव्हा गोळी तोंडातून थुंकली, का तर पुस्तकात सिरिंजच्या बाजूला गोळ्यांचं चित्र होतं आणि खाली कवटी. आजोबांची तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी गॅलरीतून खाली फेकली, आजोबा भडकले, घरात मोठं भांडण झालं. आणि रात्री हा उठून आजोबांच्या उशाशी जाऊन बसायचा, त्यांचा श्वास चालू आहे का बघायला. आई हे सांगताना रडली. बाबांचं म्हणणं सरळ होतं, पुस्तक रद्दीत घाला आणि हा विषयच बंद करा.

आता पहिली गोष्ट, नाव घेतल्याने मुलं नशेकडे वळतात ही भीती मनातून काढून टाका. आपल्या मुलांना नावं आधीच माहीत आहेत हो. शाळेच्या वाटेवर टपरी असते, घरात कोणी मिश्री लावतं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचा, कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला तेव्हा आठवडाभर प्रत्येक चॅनलवर नाशिकचंच नाव होतं, ते काय पोरांनी ऐकलं नसेल? घरात कोणी बोलत नसेल तर ती मोठ्या पोरांकडून ऐकतात, आणि तिथे मिळणारी माहिती कशी असते ते सांगायला नको.

पण पुस्तक कोणतं, हे मात्र बघायलाच पाहिजे. मी ते पुस्तक मागवून पूर्ण वाचलं. काळी फुफ्फुसं, कवटी, तुरुंग, आणि खाण्याच्या भागात हिरव्या पानावर चांगले पदार्थ, लाल पानावर वाईट. मुलाने काय करायचं, कोणाला सांगायचं, याचं एकही पान नाही. नऊ वर्षांच्या पोराने यातून घेतलं काय, तर लाल पानावरचं खाल्लं की माणूस मरतो आणि आजोबा वाईट आहेत. घाबरवून शिकवणं मोठ्या प्रमाणावर करून झालंय जगात. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये डेअर नावाचा कार्यक्रम सुरू झाला, पोलीस वर्गात येऊन नशेविरुद्ध शिकवायचे, हजारो शाळांमध्ये पसरला, आणि नंतरच्या अभ्यासांमध्ये दिसलं की मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यात त्याने फारसा फरक पडत नाही. मग त्यांनी अभ्यासक्रमच बदलला, नाही कसं म्हणायचं, निर्णय कसा घ्यायचा, याची प्रॅक्टिस त्यात आणली.

माझं मत यात पक्कं आहे. भीतीने मुलाचं तोंड बंद होतं. ज्याला वाटतं की ही गोष्ट हातात घेणारा प्रत्येक जण वाईट, तो उद्या स्वतःच्या हातात काही आलं तर घरी सांगणारच नाही. पुस्तकाने पोराला बोलतं केलं पाहिजे, म्हणजे ते पुस्तक कामाचं.

पोराशी बोलताना मी आधी फक्त ऐकलं. दुसऱ्या वेळी त्याने विचारलं, आजोबा मला फसवतात का, ते सोडतो म्हणतात आणि सोडत नाहीत. हा फार खरा प्रश्न आहे. मी त्याला सांगितलं की तंबाखूत निकोटिन असतं, मेंदूला त्याची सवय लागते, सोडायला गेलं की चिडचिड होते, झोप लागत नाही, म्हणून एकट्याला जड जातं आणि डॉक्टरांची मदत लागते. आजोबा खोटं बोलत नाहीत, त्यांना जमत नाहीये. तेव्हा त्याचा चेहरा जरा सैल झाला. औषधाचं वेगळं समजावलं, डॉक्टरांनी सांगितलेलं, आईने मोजून दिलेलं औषध घ्यायचं, आणि घरातल्या डब्यातून स्वतःच्या हाताने कुठलीच गोळी घ्यायची नाही. हे तर पाच वर्षांच्या मुलालाही कळतं, सुरुवात तिथूनच करावी. तंबाखू, दारू, वेप (ई-सिगारेट) हे आठ-दहाच्या वयात, आणि एमडी, दोस्तांचा आग्रह, फुकट मिळणारा पहिला डोस हे पाचवी-सहावीपासून अगदी मोकळेपणाने बोलावं.

आजोबांनाही बोलावलं. नातू पुडी आणायला टपरीवर जायचा हे तेव्हा कळलं. अठराच्या खालच्या मुलाला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीच करता येत नाही, तरी आपल्याकडे घरूनच पाठवतात. मी त्यांना कायदा सांगितला नाही, रात्री तुमच्या उशाशी कोण बसतं एवढंच सांगितलं. त्यांना माहीतच नव्हतं. तंबाखू सुटलेली नाहीये त्यांची अजून, पण १८००-११-२३५६ या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनला त्यांनी स्वतः फोन केला, आणि पोराला टपरीवर पाठवणं त्याच दिवशी बंद झालं.

खाण्याच्या बाबतीत लाल-हिरवी पानं सोडून दिली. त्याऐवजी आईला म्हटलं, कोल्ड्रिंकची बाटली आणा, मागचं लेबल त्यालाच वाचू द्या. १०० मिलीला साधारण ११ ग्रॅम साखर, २५० मिलीची बाटली म्हणजे सहा चमच्यांच्या आसपास, ती त्याने स्वतः वाटीत काढली आणि बघत बसला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालासुद्धा दिवसभरात जमल्यास २५ ग्रॅमच्या आतच वरची साखर घ्या म्हणते. मग एनर्जी ड्रिंक, त्यात कॅफिन, आणि लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मुलांसाठी योग्य नाही. हे त्याने स्वतः शोधलं त्यामुळे त्याला इतका आनंद झाला की क्लासमधल्या सगळ्यांना सांगत सुटला. चिवडाही परत खायला लागला, रविवारी मिसळ पण, कारण कुठला पदार्थ वाईट हा विषयच राहिला नाही, रोज किती आणि कधीतरी किती एवढाच राहिला.

इथे मला दोन्ही विषय एकच वाटतात. तोंडात काहीही घालायच्या आधी, यात काय आहे, कोण देतंय, आणि हे घरी सांगता येईल का, हे स्वतःला विचारायचं. दुकानातली बाटली असो नाहीतर मैदानावर दादाने पुढे केलेलं काही असो. पुस्तक निवडताना मी हेच बघते, त्यातलं मूल विचारतं का, नाही म्हणून तिथून निघतं का, आणि घरी येऊन सांगितल्यावर त्याला ओरडा न मिळता कोणी ऐकून घेतं का. तशी गोष्ट आईने किंवा बाबांनी सोबत बसून वाचायची, मध्ये थांबून, तू असतास तर काय म्हणाला असतास असं विचारत. या पोराने ठरवलेलं वाक्य होतं, नको, मला क्लासला उशीर होतोय. साधं आहे पण पाठ असलं की तोंडातून निघतं.

आणि ते निघालं. काही आठवड्यांनी क्लासच्या खाली एका मोठ्या मुलाने पेनसारखं काहीतरी पुढे केलं, मँगो फ्लेवर आहे, ओढून बघ. ती वेप होती, ई-सिगारेटवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. हा तिथून निघाला आणि घरी येऊन जेवायच्या आधी आईला सांगितलं. आई माझ्याशी बोललेली होती त्यामुळे तिने, तू तिथे उभाच का राहिलास असं विचारलं नाही, बरं झालं सांगितलंस म्हणाली. बाबा दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांना भेटले, त्या मोठ्या मुलाच्या घरीही शांतपणे कळवलं गेलं, कारण तोही पोरगाच आहे, त्यालाही मदत लागणार आहे. त्याच्या आईला मी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा हेल्पलाइन नंबर दिलाय, पुढच्या आठवड्यात ती त्याला घेऊन येतेय.