आधी उलटी, मग छातीत कळ

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं. या वेळचा विषय : अन्ननलिका फाटणं

प्रश्न : माझे मोठे दीर ५४ वर्षांचे आहेत. रात्रीच्या जेवणानंतर त्यांना एकामागून एक जोराच्या उलट्या झाल्या. चौथ्या उलटीला ते छाती धरून खालीच बसले. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. अ‍ॅसिडिटी आहे म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप चढला, धाप लागली आणि सीटी स्कॅनमध्ये अन्ननलिका फाटल्याचं कळलं. ते आता बरे आहेत. पण आम्हाला हे आधी ओळखता आलं असतं का?

उत्तर : सगळ्यात मोठी खूण तुमच्या पत्रातच आहे. आधी जोराची उलटी, आणि त्या उलटीसरशी छातीत कळ. हृदयविकाराच्या झटक्यात बहुधा उलट असतं : आधी छाती आवळून येते, मळमळ-उलटी तिच्यासोबत किंवा तिच्यामागून येते. घाईगडबडीत ‘छातीत दुखतंय आणि उलट्या होताहेत’ एवढंच सांगितलं जातं, क्रम सांगायचा राहून जातो, आणि तपास भलत्या दिशेला जातो. ‘उलटी करताना काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि तेव्हापासून दुखतंय’ हे वाक्य ईसीजीच्या कागदाइतकंच मोलाचं आहे. ते तसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

असं का होतं तेही पाहू. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. जठर-आतड्यांवर बाहेरून जे चिवट, गुळगुळीत आवरण असतं, ते तिच्या बहुतेक लांबीवर नसतं. उलटीच्या वेळी पोटाचे स्नायू आवळले जातात, जठरातला दाब एकदम वर धावतो. त्याच क्षणी घशाकडचा झडपेसारखा स्नायू सैल पडला नाही, तर दाबाला वाट मिळत नाही आणि नळी उभी उसवते. बहुतेक वेळा ही चीर खालच्या टोकाशी, जठराच्या तोंडापासून २-३ सेंटिमीटर वर, डाव्या आणि मागच्या बाजूला पडते. म्हणून कळ छातीच्या मध्यावर किंवा पोटाच्या वरच्या भागात उठते आणि पाठीत, डाव्या खांद्याकडे जाते.

याला बोअरहाव्ह सिंड्रोम म्हणतात. बोअरहाव्ह हे लायडनचे डच वैद्य. १७२३ मध्ये वासेनार नावाचे एक डच नौदलप्रमुख भरपेट जेवणानंतर उलटी करताना असेच कळवळले आणि एका दिवसाच्या आतच गेले. बोअरहाव्ह यांनी शवविच्छेदन करून त्याचं सविस्तर वर्णन १७२४ साली प्रसिद्ध केलं. पोटातलं अन्न त्यांना छातीच्या पोकळीत सापडलं होतं.

दुखण्याचा पोत लक्षात ठेवा. कळ एकदम येते, पहिल्या मिनिटापासून पूर्ण जोरात. घोट गिळला की वाढते, खोल श्वास घेतला की वाढते, आडवं झालं की वाढते. अँटासिडनं उतरत नाही. साधी अ‍ॅसिडिटी उलटी झाल्यावर हलकी पडते. इथे उलटीनंतर माणूस जास्त बिघडतो. मग नाडी मिनिटाला १००च्या वर, श्वास उथळ आणि भरभर, अंगाला गार घाम. ताप मात्र काही तास उशिरा येतो. पहिल्या दोन-तीन तासांत ताप नाही म्हणून निर्धास्त राहिलात तर फसाल. पोट लाकडासारखं कडक लागलं तर जठराचा व्रण फुटला किंवा स्वादुपिंडाला सूज आली अशी शंका घेतली जाते, तिथेही वेळ जातो.

अशा वेळी घरच्यांनी करायचं ते थोडकं आहे, पण कडक पाळायचं. तोंडावाटे काहीही नाही : पाणी नाही, सोडा नाही, गोळी नाही. चीर असेल तर प्रत्येक घोट तिच्यातून छातीत उतरतो. आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीत दाब कमी होतो, त्यामुळे लाळ, आम्ल आणि अन्नाचे कण ओढले जातात. ज्या स्थितीत श्वास सोपा जातो तसं, बहुधा अर्धवट बसतं करून, रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यायचं. हृदयविकाराच्या शंकेनं अ‍ॅस्पिरिन चघळायला देण्याची पद्धत आहे. पण कळ उलटीनंतर सुरू झाली असेल तर ती स्वतःहून देऊ नका, आधी अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या किंवा इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना क्रम सांगून विचारा. शेवटचं खाणं किती वाजता, पहिली उलटी किती वाजता, कळ किती वाजता, हे कागदावर लिहून सोबत ठेवा. पहिल्या २४ तासांत उपचार झाले तर जगण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, म्हणून डॉक्टर घड्याळाचा हिशेब मागतात.

प्रश्न : मान किंवा छाती दाबल्यावर ‘कुरकुर’ लागते असं नर्सिंगच्या वर्गात शिकवलं. ती नेमकी कशी लागते?

उत्तर : चिरेतून निसटलेली हवा छातीच्या मध्यभागातून वर सरकते आणि मानेच्या त्वचेखाली साठते. तीन बोटांची पेरं गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात सपाट ठेवा आणि हलकेच दाबून सरकवा. बोटाखाली बारीक बुडबुडे चिरडल्यासारखे, चुरचुर असे फुटतात. आवाजापेक्षा ते हातालाच जास्त कळतं. मग मानेच्या दोन्ही बाजू, जबड्याखाली आणि छातीच्या वरच्या भागावरून तसंच जा. नुसती सूज असेल तर बोटाचा खळगा पडतो किंवा टणक लागतं, चुरचुर लागत नाही. जोरात चोळू नका; रुग्णाला दुखतं आणि हवा पसरल्यानं पुढच्या तपासणीत घोळ होतो.

आणखी दोन गोष्टी पाहा. रुग्णाचा आवाज नाकातून आल्यासारखा किंवा घोगरा झालाय का? स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या कडेला ठेवल्यावर हृदयाच्या ठोक्याबरोबर करकर ऐकू येते का? तीही छातीतल्या हवेचीच खूण.

उलटी, छातीतली कळ आणि त्वचेखालची हवा या त्रिकुटाला मॅकलरचं त्रिकूट म्हणतात. परीक्षेत ते विचारतात, पण कित्येक रुग्णांत तिन्ही एकत्र दिसतच नाहीत. त्वचेखाली हवा यायला वेळ लागतो, काहींत ती येतही नाही. चुरचुर लागली तर शंका पक्की होते. लागली नाही म्हणून शंका सोडू नये.

प्रश्न : खूप ओकाऱ्या काढल्यावर शेवटच्या उलटीत लाल रक्त दिसलं. छातीत दुखत नाही. हीदेखील अन्ननलिका फाटणंच का?

उत्तर : फाटणंच, पण फक्त आतलं अस्तर. त्याला मॅलरी-वाइस चीर म्हणतात. १९२९ मध्ये या दोन डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे २ ते ४ सेंटिमीटरची उभी भेग पडते. स्नायूचा थर शाबूत असल्यामुळे छातीत काही गळत नाही, म्हणून जीवघेणी कळ नसते. रक्त मात्र ठळक दिसतं. पूर्ण फाटलेल्या नलिकेत याच्या उलट, दुखणं प्रचंड आणि रक्त थोडं किंवा नाहीच. बहुतेकांचं रक्त आपोआप थांबतं आणि काही दिवसांत भेग भरून येते.

तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. पुन्हा रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर लगेच इमर्जन्सीत जा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा यकृताचा जुना आजार असेल तर एवढ्या रक्तावरही थेट तिकडेच जावं. यकृताच्या आजारात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटलेल्या असू शकतात, आणि ते रक्त आपोआप थांबेल म्हणून वाट पाहायचं नसतं.

प्रश्न : सासूबाईंची अन्ननलिका अरुंद झाली होती. दुर्बिणीतून फुग्यानं रुंद करून घेतली. घरी आणल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं?

उत्तर : हा प्रश्न प्रत्येक घरानं विचारावा असा आहे, कारण अन्ननलिकेला छिद्र पडण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण उलटी नसून अन्ननलिकेत केलेली प्रक्रिया हे आहे. नुसत्या तपासणीच्या एन्डोस्कोपीत हा धोका फार थोडा, काही हजारांत एखाद्याला. अरुंद जागा ताणताना मात्र तो वाढतो.

घसा एक-दोन दिवस खवखवणं, ढेकर येणं, पोट थोडं फुगणं हे चालतं. दुखणं तासागणिक कमी होत गेलं पाहिजे. ते वाढत असेल, छातीतून पाठीत जात असेल, मान वळवताना किंवा घोट घेताना टोचत असेल, तर थांबू नका. अन्ननलिकेच्या मानेतल्या भागात छिद्र असेल तर मान दुखते, गिळवत नाही, आवाज बदलतो. छातीत असेल तर कळ आणि धाप. ताप, थंडी, नाडीची धडधड, गळ्याशी चुरचुर यातलं एक लक्षण पुरे. खाणंपिणं तिथेच थांबवून प्रक्रिया केलेल्या विभागाला फोन करा आणि ‘काल अन्ननलिका रुंद केली होती’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. वयस्कर माणसं दुखणं अंगावर काढतात, ‘होईल बरं’ म्हणतात. म्हणून पहिला दिवस दर दोन-तीन तासांनी नाडी आणि ताप तुम्हीच मोजा.

प्रश्न : घशात काटा किंवा हाडाचा तुकडा अडकला तर मोठा घास गिळून खाली ढकलावा असं म्हणतात. आणि लहान मुलानं बटण-सेल गिळला तर?

उत्तर : घास गिळून ढकलू नका. टोकदार वस्तू अशा दाबानं भिंतीत रुतते आणि आरपार जाते. टोचणी कमी होत नसेल, लाळही गिळता येत नसेल, तर दुर्बिणीनं वस्तू काढणं हे काही तासांचं काम आहे, उद्यावर टाकायचं नाही. उलटी करवण्याचा प्रयत्नही नको.

बटण-सेलच्या बाबतीत तर घड्याळ आणखी वेगानं चालतं. ओल्या भिंतीला टेकला की सेलमधून विजेचा प्रवाह वाहतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि २ तासांत खोल भाजतं. सेल फुटायची गरज नसते. २० मिलिमीटरचा, नाण्याएवढा लिथियम सेल सगळ्यात वाईट, कारण तो नलिकेत नेमका अडकतो. मूल लाळ गाळतंय, खात नाही, खोकतंय आणि सेल सापडत नाही, एवढ्यावरच एक्स-रे काढून घ्या. एक्स-रेत नाण्याची कड एकेरी दिसते, सेलची दुहेरी.

वाटेत मध देता येतो, पण अटी पाळून : मूल १ वर्षाहून मोठं हवं, सेल गिळून १२ तासांच्या आत असावं आणि त्याला गिळता येत असावं. १० मिलिलीटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, दर १० मिनिटांनी, जास्तीत जास्त ६ वेळा. मध आणायला म्हणून एक मिनिटही थांबायचं नाही. ‘तोंडावाटे काही नाही’ या नियमाला एवढा एकच अपवाद. सेल काढल्यावरही पुढचे काही आठवडे जपा. भाजलेली भिंत उशिरा फुटू शकते, आणि तोंडातून किंवा शौचातून थोडंसं जरी रक्त दिसलं तरी तो धोक्याचा इशारा आहे.

प्रश्न : एक्स-रे नॉर्मल असूनही अन्ननलिका फाटलेली असू शकते का? आणि ऑपरेशन करावंच लागतं का?

उत्तर : असू शकते. छातीतली हवा आणि डावीकडे साठणारं पाणी एक्स-रेत दिसायला काही तास लागतात. म्हणून शंका पक्की असेल तर सीटी स्कॅन, शक्यतो तोंडावाटे कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारं द्रव, देऊन. पाण्यात विरघळणारा कॉन्ट्रास्ट आधी वापरतात. त्यात गळती दिसली नाही आणि शंका उरली तर पातळ बेरियम. हे घोट रुग्णालयात, देखरेखीखाली द्यायचे. फुप्फुसाभोवतालचं पाणी सुईनं काढलं आणि त्यात अन्नाचे कण किंवा लाळेतलं अ‍ॅमिलेज हे पाचकद्रव्य जास्त सापडलं, तर निदान जवळजवळ झालंच.

ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. छिद्र लहान असेल, गळती एका जागी बांधलेली असेल आणि रुग्ण स्थिर असेल तर तोंड बंद, सलाईन, शिरेतून प्रतिजैविकं आणि कडक देखरेख यावर भागतं. काहींना दुर्बिणीतून चीर मिटवणारी क्लिप किंवा स्टेंट, म्हणजे आतून चीर झाकणारी नळी, बसवतात. चीर मोठी असेल, छातीत घाण पसरली असेल तर शस्त्रक्रिया करून ती धुवायची, शिवायची आणि नळ्या ठेवायच्या. तोपर्यंत पोषण बहुधा आतड्यात घातलेल्या नळीतून. साधारण आठवड्यानं कॉन्ट्रास्टचा घोट देऊन गळती नाही याची खात्री करतात, मगच आधी पाणी, नंतर पातळ, नंतर मऊ. काही महिन्यांनी घास अडकू लागला तर शिवलेली जागा आकसली असेल. ती पुन्हा रुंद करून मिळते, त्यासाठी वेळेवर दाखवायला जा.