दाख्ला बंदरातली मासळी आणि आपला आयात करार

प्रश्न: वेर्णा येथे आमचा मासळी-प्रक्रियेचा कारखाना आहे. मोरोक्कोच्या निर्यातदाराशी एक कंटेनर गोठवलेल्या ऑक्टोपसचा करार करून आम्ही आगाऊ रक्कम दिली. करारात मूळ देश ‘मोरोक्को’ आहे, पण कागदपत्रांच्या मसुद्यात मासळी दाख्ला बंदरात उतरवल्याची नोंद दिसते. स्पेनमधील ग्राहकाने त्यावर हरकत घेतली, तेव्हा निर्यातदार ते नाव काढून द्यायला तयार झाला. माल घ्यावा का?

उत्तर: ते नाव काढू देऊ नका. बाकीचा सल्ला त्यानंतरचा आहे.

दाख्ला पश्चिम सहारात आहे. तो बराचसा प्रदेश मोरोक्कोच्या ताब्यात असला, तरी संयुक्त राष्ट्रांच्या यादीत 1963 पासून त्याची नोंद स्वशासन न मिळालेला प्रदेश अशीच आहे. या प्रदेशावर स्वतंत्र देश म्हणून दावा सांगणाऱ्या सहरावी प्रजासत्ताकाला भारताने 1985 मध्ये दिलेली मान्यता 2000 मध्ये मागे घेतली, आणि केवळ प्रदेश वादग्रस्त आहे म्हणून असा माल आणणे आपल्याकडे गुन्हा ठरत नाही. खोटी कागदपत्रे सादर करणे मात्र गुन्हा ठरतो. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 46 नुसार बिल ऑफ एंट्रीतील (आयातदार सीमाशुल्क खात्याला देतो त्या मालाच्या विवरणपत्रातील) माहितीच्या खरेपणाची जबाबदारी आयातदारावर असते. विसंगती आढळल्यास कलम 111 खाली माल जप्त होऊ शकतो आणि जाणूनबुजून खोटा दस्तऐवज वापरल्यास कलम 114अअ खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो.

ग्राहकाची धास्ती निराधार नाही. युरोपीय न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2024 रोजी, पश्चिम सहाराच्या जनतेची संमती नसल्याच्या कारणावरून, युरोपीय संघाने मोरोक्कोबरोबरच्या मासेमारी व शेतमालविषयक करारांना दिलेली मंजुरी बेकायदा ठरवली. त्यानंतर दोन्ही बाजूंनी नव्याने वाटाघाटी केल्या आहेत, आणि ते निकाल आपल्याला थेट बांधतही नाहीत. तरीही ज्यांच्या किनाऱ्यावरची ही मासळी आहे त्यांच्या संमतीचा प्रश्न मला गौण वाटत नाही, आणि ग्राहकाला खरे ठिकाण कळण्याचा हक्क आहेच.

आपल्या पैशाला खरा धोका आहे तो मालकीहक्काच्या दाव्याचा. मे 2017 मध्ये पश्चिम सहारातील फॉस्फेट घेऊन न्यूझीलंडला निघालेले ‘चेरी ब्लॉसम’ हे जहाज दक्षिण आफ्रिकेत अडवले गेले, आणि पुढील वर्षी तेथील न्यायालयाने तो माल सहरावी प्रजासत्ताकाच्या मालकीचा ठरवला. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांपासून अनेक कंटेनर जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, त्यामुळे आपला कंटेनर वाटेत कोणत्या बंदरांना लागणार हे शिपिंग कंपनीकडून आधी लेखी घ्यावे. विमा पॉलिसीही तपासावी, कारण प्रचलित सागरी विम्यात जप्ती आणि अटकावाची जोखीम बहुधा वगळलेली असते.

कराराला भारतीय कायदा लागू असेल, तर मालविक्री कायदा, 1930 चे कलम 14 विक्रेत्याला निर्वेध मालकीहक्काची हमी द्यायला लावते आणि कलम 15 नुसार माल वर्णनाबरहुकूम असावा लागतो. म्हणून माल जहाजावर चढण्यापूर्वीच नोटीस पाठवून दोन पर्याय मांडा: एक, दाख्लाची नोंद कायम ठेवून जप्ती झाल्यास पूर्ण भरपाईची हमी आणि आपल्या ग्राहकाची लेखी संमती, दुसरा, आगाऊ रक्कम परत. वर्णनातील फरक ठाऊक असूनही निमूटपणे माल स्वीकारलात, तर तो नाकारण्याचा हक्क गमावून बसाल. करारात परदेशी कायदा किंवा परदेशातील लवाद लिहिलेला असल्यास नोटिशीचा मसुदा बदलावा लागेल, तेव्हा ती पाने वकिलाला आधी दाखवा.