गाठ, ग्रंथी आणि गालगुंड

प्रश्न असा आला आहे: कुत्र्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना फुगवटा आहे, डॉक्टरांनी कागदावर ‘इडिओपॅथिक सायलॅडेनोसिस’ लिहिले आहे. याला मराठीत गालगुंड म्हणावे का?

म्हणू नये. गालगुंड किंवा गालफुगी हा माणसांतला विषाणूमुळे होणारा, एकाकडून दुसऱ्याला लागणारा आजार. त्यात फुगते ती मुख्यतः कानापुढची लाळग्रंथी. कुत्र्याच्या या विकारात बहुधा जबड्याखालच्या ग्रंथी वाढतात, त्या दुखत नाहीत आणि संसर्गाचाही संबंध नसतो. ‘लाळ्या’ हा शब्द तर गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाने आधीच घेतला आहे.

मूळ ग्रीक शब्दाची फोड सोपी आहे. सिआलॉन म्हणजे लाळ, आडेन म्हणजे ग्रंथी. शेवटचा ‘ओसिस’ महत्त्वाचा, कारण तिथे ‘आयटिस’ असते तर अर्थ दाह झाला असता. म्हणून सायलॅडेनायटिस तो लाळग्रंथिदाह आणि हा लाळग्रंथिवृद्धी. इडिओपॅथिकसाठी काही जण ‘अकारण’ लिहितात, ते मला मुळीच पटत नाही. कारण असणारच, ते सापडलेले नाही एवढेच. तेव्हा ‘अज्ञातहेतुक’ बरे. या विकारात कुत्रा सारखा आवंढे गिळतो, लाळ गाळतो, उमासे काढतो, आणि ग्रंथीचा तुकडा तपासला तर बहुधा विशेष काही आढळत नाही. पुष्कळ कुत्र्यांना फेनोबार्बिटल या फिट्सवरच्या औषधाने उतार पडतो. त्यामुळे मूळ मेंदूत असावे असा तर्क आहे, पण तो अजून तर्कच आहे.

खरी काळजी मला वाटते ती ‘गाठ’ या शब्दाची. संस्कृत ग्रंथि, प्राकृत गंठि, मराठी गाठ: शब्द एकच. आयुर्वेदातही ग्रंथि म्हणजे गाठीसारखी सूजच. शरीरात रस स्रवणारा अवयव हा अर्थ आधुनिक परिभाषेने दिला. त्यामुळे डॉक्टर म्हणतात ‘ग्रंथी वाढल्यात’ आणि घरी निरोप पोचतो ‘गाठी झाल्यात’. मराठी घरात ‘गाठ झाली’ म्हटले की मनात पहिल्यांदा कॅन्सरच येतो. या विकारात पेशी कर्करोगाच्या नसतात, म्हणून हा शब्द इथे नको. घरच्यांना सांगताना ‘लाळेचे पिंड फुगलेत’ म्हणावे, आजीलाही कळेल.

लिहिताना एक सांभाळा: सुटा शब्द ‘ग्रंथी’ दीर्घ, पण समासात त्याच्यामागून दुसरा शब्द जोडला की ‘ग्रंथिवृद्धी’, ‘थि’ ऱ्हस्व.