संस्थेच्या किंवा पुढाऱ्याच्या मदतीशिवाय गाव स्वतःच सामूहिक वनहक्क मिळवून जंगल चालवू शकतं का? वनखातं चालवू देतं का?

चालवू शकतं. 2006 चा वनहक्क कायदा तो हक्क गावाला देतो, पण खातं आपणहून देत नाही, घ्यावं लागतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबूचे वाहतूक परवाने वनखात्याच्याच हातात राहिले. परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर नेता येत नाही, मग विकत घेणार कोण? गाव हटलं नाही. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं, तेव्हा कुठे कारभार हातात आला. म्हणून पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळाला की काम झालं असं धरून चालू नका.

पहिली चूक ग्रामसभा कुणाची यातच होते. चार-पाच गावांच्या गटग्रामपंचायतीत एकच सभा घेऊन ठराव केला, तर तुमच्या जंगलात कधी पाय न ठेवलेले लोक त्यावर मत देतात. अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या) क्षेत्रात टोला-पाडासुद्धा स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. तिथूनच सुरू करा. गणपूर्ती कडक आहे: एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. सह्या घरोघर फिरून गोळा केल्या तर पुढे दावे तपासणाऱ्या सरकारी उपविभागीय समितीत ठराव तिथेच लटकतो. सभेची वेळ बायांना विचारून ठरवा, दुपारी बारालाही चालेल.

दाव्याचं काम बघायला ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, ती 10 ते 15 जणांची. त्यात किमान दोन तृतीयांश आदिवासी आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया.

दावा नमुना ‘सी’ मध्ये करायचा. ‘बी’ हा चराई, मासेमारी, गौण वनोपज यांसारख्या सामूहिक हक्कांचा. जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा अधिकार ‘सी’ने मागितला जातो, आणि नेमका तोच भरायचा राहून जातो. दोन्ही भरा. पुरावे किमान दोन लागतात. विदर्भात सर्वांत भक्कम म्हणजे निस्तारपत्रक, गावाच्या जंगल-चराईच्या वापराची जुनी सरकारी नोंद. तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल काढा. दुसरा, गावातल्या वयस्कांचा लेखी जबाब.

नकाशासाठी शीव पायी चाला, आणि सोबत मोहफुलं, डिंक, तेंदूपत्ता वेचणाऱ्या बाया असल्याच पाहिजेत. रोजच्या वापराचं जंगल कुठवर आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. कार्यालयात बसून आखलेल्या नकाशात पाणवठा किंवा देवस्थान हमखास शिवेबाहेर पडतं. नाल्याला, टेकडीला गावातलं नाव लिहा आणि शेजारी वनखात्याचा कक्ष क्रमांक. शेजारच्या गावाशी शीव अडली तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून लेखी अहवाल करायचा. हे आधीच उरकलेलं बरं, नाहीतर या एका वादावर फाईल वर्षानुवर्षं पडून राहते.

जागेच्या पडताळणीची नोटीस वन आणि महसूल दोघांना द्या आणि पोच घ्या. वनपाल आला नाही म्हणून थांबू नका. गैरहजेरीचं कारण पुढे करून खात्याने नंतर हरकत घेतली, तर दावा एकदा फेरपडताळणीला परत येतो. तेव्हाही खात्याचा माणूस आला नाही, तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीने दिलेलं हे हत्यार फार कमी गावं वापरतात. दावा फेटाळला किंवा क्षेत्र कापलं तर लेखी कारण मागा. ग्रामसभेच्या निर्णयावर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते, त्यापुढे जिल्हास्तरीय समिती.

पट्टा हाती आला की नाव आधी वाचा. तो ग्रामसभेच्या नावाने हवा, वनखात्यासोबतच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या नव्हे. मग ग्रामसभेने स्वतःची व्यवस्थापन समिती नेमायची. वाहतूक परवाना तीच देते. बँक खातं दोन-तीन जणांच्या संयुक्त सहीचं ठेवा, त्यात एक बाई असू द्या. ग्रामसभेचं पॅन कार्ड आधीच काढा, विक्रीच्या वेळी धावपळ होते.

बांबू तोडताना पावसाळ्यात बेटाला हात लावू नका, तेव्हा वास्ते (कोवळे कोंब) फुटत असतात. त्या वर्षीचा कोवळा बांबू ठेवून तीन वर्षांवरचाच तोडायचा, जमिनीपासून वीतभर वर.

खरा घोळ तेंदूच्या ठेकेदाराशी होतो. हंगाम एप्रिल-मेचा, पण करार त्याआधीच, सगळ्या ग्रामसभेसमोर वाचून करा. चढा भाव बोलून नंतर बाजार पडल्याचं सांगणारे बरेच असतात. त्यामुळे भाव किती यापेक्षा तेंदूपत्ता फळीवरून (पानं गोळा होतात त्या जागेवरून) उचलण्याआधी किती रक्कम खात्यात आली हे बघा. उरलेल्या हप्त्यांच्या तारखा करारात लिहा, आणि आधीचा हप्ता जमा झाल्याशिवाय पुढच्या गाडीचा परवाना फाडू नका.